पेरलेलं नाव

मुलगी जन्माला आली की तिच्या आईला दोन घास सुखाने खाऊ देतील तर ते नातेवाईक कसले! खाटेभोवती कोंडाळं करायचं आणि नावावरून भांडायचं. आजीला स्वतःच्या आईचं नाव हवं, आत्याला मालिकेतलं हवं, बाप मोबाइल चाळून तिसरंच काढणार, आणि बाळंतीण बिचारी भिंतीकडे तोंड करून पडलेली. अशा वेळी पडदा सरकायचा आणि सिस्टर आत यायची. बाळाच्या अंगाला हात लावून बघायचा, आईची उशी सारखी करायची, आणि जाता जाता सहज आठवल्यासारखं एक नाव टाकायचं.

"फार कुणी ठेवत नाही हे," ती म्हणायची. "पण अर्थ छान आहे."

झालं. फार कुणी ठेवत नाही म्हटलं की माणसाचे कान टवकारतातच.

ते नाव काय होतं, ते इथे सांगायचं नाही. का, ते पुढे कळेलच, आणि कळल्यावर तुम्हीही कुणाला विचारत बसणार नाही. तीन अक्षरी होतं, तोंडात गोड बसायचं, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, अरे, हे तर कुठेतरी ऐकलंय. कुठेच ऐकलेलं नसायचं.

अर्थ मात्र सिस्टर माणूस बघून सांगायची. शिवणकाम करणाऱ्या बाईला सांगितलं, कधी न उसवणारी टीप. बसच्या ड्रायव्हरच्या बायकोला सांगितलं, अंधारात लांबून दिसणारा आपल्या गावाचा दिवा. कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना नुसता अर्थ पुरेना, शब्द आला कुठून तेही हवं. मग त्यांना सिस्टरने थेट डोंगरापलीकडच्या कुठल्याशा विसरलेल्या बोलीत नेऊन सोडलं आणि उन्हाळ्यात न आटणारा झरा दाखवून परत आणलं. बाई खूश. थाप मारायची तर अशी मारावी, ऐकणाऱ्याच्या मापाने बेतून.

वॉर्डातल्या मावशीचं काम होतं फरशी पुसण्याचं, आणि हक्क होता सगळ्यांना बोलण्याचा. ती एकदा म्हणाली, "सिस्टर, नावामागे कमिशन मिळतं का हो तुम्हाला? मिळत असेल तर मलाही सांगा, मी पण सुचवते."

सिस्टर हसली आणि बादली सरकवायला लागली. कमिशन कसलं! ते नाव तिच्या स्वतःच्या पोरीचं होतं.

इथे आल्यापासून पोरीला घरीदारी पिटू म्हणायचे, पण कागदावर ते नाव होतं, आणि ते ठेवलं होतं पिटूच्या बापाने. बाळ कुशीत आलं न आलं तोच तो खाटेशेजारी उभा राहून म्हणाला होता, "जगात दुसऱ्या कुणाचं नसेल असं नाव ठेवायचं." आणि तिथल्या तिथे, जिभेवर येतील ती अक्षरं जुळवून त्याने एक नाव केलं. तिने विचारलं, "पण अर्थ काय याचा?" तर म्हणाला, "अर्थ कशाला हवाय? माझी आहे, हाच अर्थ."

तेव्हा तिला त्यात प्रेम दिसलं होतं. लग्नाआधी तो तिच्या मैत्रिणींना फोन करून ती कुठे आहे ते विचारायचा, त्यातही तिला प्रेमच दिसलं होतं. आंधळं म्हणतात ते उगाच नाही. पुढे दाराला बाहेरून कुलूप लागायला लागलं, मग हात उठायला लागला, आणि एकदा पोर रडते म्हणून त्याने तिला पाळण्यातून उचलून खिडकीबाहेर धरली आणि म्हणाला, "गप्प बसते की नाही बघ." पिटू तेव्हा नीट बसायलाही शिकली नव्हती. त्याच आठवड्यात सिस्टर तिला घेऊन बहिणीकडे पळाली. पोलिसांत गेली, तर ते म्हणाले, "बापच आहे ना?"

बहिणीच्या गावात त्याने तिला हुडकलं, ते या नावावरून. पोरांना लस टोचतात त्या दवाखान्यात जाऊन त्याने फक्त नाव विचारलं. या नावाची दुसरी पोर पृथ्वीच्या पाठीवर नाही म्हटल्यावर विचारायला आणखी काय लागतं? शेळीच्या गळ्यात घंटा बांधावी तसं ते नाव त्याने पोरीच्या गळ्यात बांधून ठेवलं होतं. त्या दिवशी बहिणीने मागच्या दाराने दोघींना काढून दिलं, म्हणून निभावलं.

नाव बदलायचं म्हटलं तर बापाची सही हवी, आणि वर पेपरात जाहीर करायचं, जुनं नाव अमुक, नवं नाव तमुक. म्हणजे घंटा काढून ढोल बांधायचा! तेव्हा लांबच्या या शहरात प्रसूतिगृहात नोकरी लागल्यावर, पहिल्याच महिन्यात, शिवणवाल्या बाईची मुलगी हातात घेऊन उभी असताना सिस्टरच्या डोक्यात आलं, की नाव लपवता येत नसेल तर वाटून टाकावं. एक दाणा हरवायचा असेल तर तो पोत्यात टाकावा.

आणि तिने पोतं भरायला घेतलं.

वर्षं गेली. पिटू चौथीत गेली. आता शाळेत दर वर्गात त्या नावाच्या दोनतीन तरी पोरी होत्या. हजेरी घेताना बाईंना पंचाईत, बागेत आयांनी हाक मारली की घसरगुंडीवरून सगळ्याच ओरडायच्या, आणि एका केकवाल्याने तर ते नाव लिहिलेली पाटीच तयार करून ठेवली होती, सारखं कोण लिहीत बसणार म्हणून. सिस्टर रात्री शांत झोपायला लागली होती. फक्त एक सल होती. शाळेत निबंध दिला होता, 'माझ्या नावाचा अर्थ', आणि पिटूने पेन्सिलीला टोक करत विचारलं, "आई, काय लिहू?"

शंभर बायकांना शंभर अर्थ सांगणारी ही बाई, स्वतःच्या पोरीला मात्र तिने एकही सांगितला नाही. पिटूशी खोटं बोलायचं नाही असं तिने ठरवलेलं होतं. त्या घरात ऐकलेलं खोटं पुरे झालं होतं.

"काही अर्थ नाही गं त्याला," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी असंच जोडून केलं."

"सगळ्यांच्या नावाला आहे," पिटू म्हणाली. "नाव तेच, तरी त्यांच्या नावाला आहे आणि माझ्या नाही?" तिने वही मिटली आणि निबंध लिहिलाच नाही. बाईंनी ओरडा दिला तो मुकाट्याने ऐकून घेतला.

आता करायला गेलं एक आणि झालं भलतंच कसं होतं ते ऐका. पोत्यात दाणा लपला खरा, पण पोतं केवढं फुगलं, ते सिस्टरच्या ध्यानातच आलं नाही. शनिवारच्या पुरवणीत अर्धं पान भरून मजकूर आला: हे नाव देशात कुठेच नाही आणि या एका शहरात गल्लोगल्ली कसं? एक हौशी वार्ताहर मुलगी शाळेत जाऊन पोरींचा घोळका उभा करून फोटो काढून गेली होती. चार आयांनी चार अर्थ सांगितलेले, ते चारही छापलेले, आणि खाली, 'बहुतेकींना हे नाव प्रसूतिगृहातल्या एका सिस्टरने सुचवलं होतं.'

मावशीने तो मजकूर मोठ्या कौतुकाने वॉर्डात वाचून दाखवला. "बघा, सिस्टर, पेपरात आलात!" सिस्टरच्या हातातला ट्रे खाली गेला. मावशीने तिला बाजूच्या खोलीत नेऊन पाणी पाजलं आणि सगळं काढून घेतलं. ऐकून झाल्यावर मावशीने तो पेपर चुरगळून बादलीत टाकला.

संध्याकाळी शिवणवाली बाई तो पेपर घेऊन घरी आली. ती खालच्याच मजल्यावर राहायची, दोघींच्या पोरी एकाच बाकावर बसायच्या, आणि आजवर वाटीतली साखर वर-खाली होत आली होती.

"उसवणार नाही ती टीप, होय?" तिने दारातूनच सुरू केलं. "मी ते पोरीच्या प्रत्येक फ्रॉकवर आतून भरतकाम करून लिहिलंय! आणि इथे ड्रायव्हरची बायको म्हणते दिवा, आणि ती कोण शिकलेली म्हणते झरा. काय थट्टा लावलीय? माझ्या पोरीला तुम्ही फुकटचं काहीतरी चिकटवून दिलंत!"

सिस्टरने सांगायला हवं होतं. पण जितक्या जणांना ठाऊक तितकी तोंडं, ही भीती तिच्या हाडात मुरलेली. ती एवढंच म्हणाली, "चुकलं माझं." शिवणवाली पेपर तिथेच टाकून खाली निघून गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून जिन्यात भेटली तरी मान वळवायला लागली.

बुधवारी दुपारी मावशीचा फोन आला. सिस्टरने रजा टाकली होती, सामान बांधायला घेतलं होतं, कुणाला संशय नको म्हणून पिटूला तेवढं शाळेत पाठवलं होतं, आणि शाळेतून तिचा दाखला कसा काढायचा याच्या विवंचनेत ती होती.

"एकजण येऊन गेला," मावशी एका दमात म्हणाली. "पेपरवाला म्हणून सांगत होता, पण त्याचे बूट बघायला हवे होते तुम्ही! असले बूट पेपरवाल्याला परवडतात होय? मी म्हटलं, सिस्टर नोकरी सोडून गेल्या. तर विचारतो, शाळा कुठे आहे. मी नाही सांगितलं हो! पण गेटवरच्या त्या ठोंब्याने सांगितलं."

सिस्टर चपला घालायलाही थांबली नाही. शाळा दोन गल्ल्या पलीकडे होती, आणि ती कशी पोचली ते तिला नंतर आठवलंच नाही. मोठं फाटक बंद होतं, बाजूचं छोटं दार उघडं. पाण्याच्या टाकीच्या आडून तिने पटांगणात बघितलं.

तो बाकावर बसला होता. थोडा जाड झाला होता, केस मागे गेले होते, पण गुडघ्यावर हात ठेवून बसायची ती ऐट तीच. समोर पोरींची रांग. त्या नावाच्या, तिसरी-चौथीतल्या सगळ्या. पेपरवाले परत आलेत, या वेळी एकेकीचा वेगळा फोटो काढणार, असं सांगून त्याने बाईंना गुंडाळलं होतं, आणि बाईही मोठ्या हौसेने पोरी गोळा करून देऊन वर्गात परत गेल्या होत्या. हातात मोबाइल धरून तो एकेकीला एकच प्रश्न विचारत होता.

"तुझ्या नावाचा अर्थ काय गं?"

पुढची पोर छाती काढून काहीतरी सांगायची, तो फोटो काढायचा, आणि म्हणायचा, "छान. पुढे."

सिस्टरला क्षणात उलगडा झाला. हुशार होताच मेला! चेहऱ्यावरून ओळखायची सोय नाही, तान्ही असताना बघितलेली. पण मजकूर त्याने वाचलेला. सगळ्यांच्या नावाला अर्थ आहे, आणि तो देणारी कोण हेही त्याने ताडलेलं. जिच्या नावाला काहीच अर्थ नाही, ती त्याची.

आणि पिटू रांगेत होती. बारकी, वयाच्या मानाने लहान दिसणारी, दोघींच्या मागे. तिला विचारल्यावर ती काय म्हणणार, हे सिस्टरइतकं कुणाला ठाऊक असणार? पोरीला खोटं बोलायचं नाही हे आईनेच शिकवलेलं. 'त्याला काही अर्थ नाही, माझ्या बाबांनी जोडून केलं.' संपलं.

हाक मारावी तर तो बघणार. गप्प राहावं तर रांग पुढे सरकणार. शिवणवालीच्या पोरीने आपलं उत्तर ठणकावून सांगितलं आणि ती बाजूला झाली. आता शाळेच्या माळीबुवांची मुलगी. अंगाने थोराड, पण इतकी लाजाळू की वर्गात पाणी प्यायला जाऊ का विचारतानाही रडायची.

"तुझ्या नावाचा अर्थ?"

पोरीने मान खाली घातली. "ठाऊक नाही."

तो पुढे वाकला. "ठाऊक नाही? आईने सांगितलं नाही?"

पोर गणवेशाचं टोक पिळत राहिली.

"कुणी ठेवलं नाव? बाबांनी?"

घाबरलेल्या पोरीने मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, तिचं तिला माहीत. पण त्याने मोबाइल खिशात टाकला, तिचं मनगट धरलं आणि तो उभा राहिला. "चल," तो म्हणाला. "चल, राणी. किती मोठी झालीस. मी कोण आहे माहितेय?" पोरीने हात सोडवायला बघितलं तशी त्याची पकड घट्ट झाली. सिस्टरला ती पकड ठाऊक होती. पोरीच्या तोंडातून आवाज फुटत नव्हता, नुसती ओढली जात होती.

इथे खरं बोलायला हवं. सिस्टरच्या मनात आलं. आलंच. तो त्या पोरीला घेऊन मोठ्या फाटकाकडे वळला होता, त्याची पाठ इकडे होती, पिटू हाकेच्या अंतरावर होती आणि छोटं दार उघडं होतं. इतकी वर्षं तिने याच क्षणासाठी तर नावं वाटली होती, की पिटूच्या आणि त्याच्या मध्ये दुसरी कुणीतरी यावी. ती आली होती. तिचा जन्म सिस्टरच्याच हातावर झाला होता, नाळ गळ्याभोवती होती, आणि पहिलं रडू फुटेपर्यंत सिस्टरने स्वतःचा श्वास रोखून धरला होता.

"सोड तिला!" सिस्टर ओरडली आणि टाकीमागून बाहेर आली. "ती माझी नाही. सोड!"

तो वळला. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. त्याने पोरीचं मनगट सोडलं आणि हिचं धरलं. माळ्याची पोर भोकाड पसरून वर्गाकडे पळाली.

"मग कुठली?" तो हळू आवाजात म्हणाला.

रांगेतल्या पोरी बघत होत्या. सिस्टरने त्यांच्याकडे बघायचं टाळलं. नजर जिथे थांबेल ती त्याला कळेल, म्हणून ती त्याच्याच तोंडाकडे बघत राहिली. पिटू चार पावलांवर उभी आहे, आपल्या आईला एक परका माणूस धरून उभा आहे हे ती बघतेय, आणि आता ती 'आई' म्हणणार, हे तिला न बघता कळत होतं.

"तूच ओळख की," सिस्टर म्हणाली. "जगात एकच आहे म्हणायचास ना? ओळख."

त्याने एकेकीकडे बघितलं. पिटूवर त्याची नजर आली आणि पुढे गेली.

तेवढ्यात घंटा झाली. वर्गांतून पोरं फुटली, मोठं फाटक उघडलं आणि आया आत शिरल्या. कुणाचं लक्ष कुठे होतं! "ए बुटके, चल!" "सोने, डबा कुठाय?" "ढमे, परत बूट हरवलास?" एकेक आई येऊन एकेकीला ओढून न्यायला लागली. त्या नावाने हाक मारायची सोय शहरात उरलीच नव्हती, म्हणून प्रत्येकीला दुसरं काहीतरी होतं. रांग झरझर कमी व्हायला लागली. तोही ते बघत होता. त्याच्या लक्षात आलं की ज्या पोरीला न्यायला कुणी येणार नाही, तीच. त्याच्या ओठाला हसू आलं. तो नुसता थांबून राहिला.

दोघीच उरल्या. शिवणवालीची, आणि पिटू.

शिवणवाली बाई फाटकातून आली ती नेहमीसारखी घाईने, गळ्यात मापाची टेप तशीच. तिने सिस्टरला बघितलं आणि सवयीने मान वळवली. मग थबकली. तिने पुन्हा बघितलं. अनवाणी पाय, पांढरंफटक तोंड, मनगटावरचा तो हात. मग पिटूकडे बघितलं. पिटूचे ओठ हलायला लागले होते.

"पिटे!" शिवणवाली अशी गरजली की पिटूही दचकली. "तोंड काय बघत बसलीस? उचल ते दप्तर! रोज मेल्या दोघी मला ताटकळत ठेवता, मशीन उघडं टाकून आलेय मी!" तिने एका हातात आपली पोर घेतली, दुसऱ्या हातात पिटूचा दंड, आणि सरळ त्याच्या अंगावरच चालून आली. "अहो, सरका की जरा. वाटेत काय उभे राहता खांबासारखे!"

तो सरकला.

पिटूने जाताना आईकडे बघितलं नाही. शिवणवालीने तिचा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे वळ दिसत होता.

पटांगण रिकामं झालं. मोठ्या बाई ऑफिसातून धावत येत होत्या, माळ्याची पोर त्यांच्या पदराला धरून रडत होती, आणि मागून हातात खुरपं घेऊन माळीबुवा. पोलिसांना फोन झालेला होता. या वेळी 'बापच आहे ना' म्हणायला कुणाला जागा नव्हती, त्याने दुसऱ्याची पोर ओढली होती, दिवसाढवळ्या, शाळेत.

त्याला मात्र अजून तेच. तो रिकाम्या रांगेच्या जागेकडे बघत होता. "कुठाय ती? माझी पोर कुठाय?"

"गेली," सिस्टर म्हणाली. "तुझ्यासमोरून गेली. तू सरकून वाट दिलीस."

तिचं मनगट सुटलं. तो फाटकाकडे धावला. माळीबुवांनी आडवं येऊन त्याला दंडाला धरलं, तरी तो फाटकाचे गज धरून उभा राहिला आणि बाहेर गल्लीत बघून त्याने जिवाच्या आकांताने ते नाव घेऊन हाक मारली, त्यानेच बनवलेलं, जगात एकच असलेलं.

गल्लीभर एकसारख्या गणवेशातल्या पोरी वळल्या. कुणी आईचा हात धरून, कुणी सायकलच्या मागे बसलेली, कुणी तोंडात गोळी घोळवत. "ओ!" कुणी इकडून म्हणालं, कुणी तिकडून.

पिटूही वळली, सगळ्यांसारखीच, आणि मग पुढे चालायला लागली.